कंपनीच्या हबसोबत स्वतःचा राऊटर लावलाय, नेट चालतंय पण बाकी सगळा घोळ

खटपट्या
नमस्कार मंडळी. ब्रॉडबँड कंपनीने कनेक्शनसोबत जो हब दिलाय त्याचं वायफाय आतल्या खोलीत पोचतच नाही, आणि सेटिंगमध्येही करण्यासारखं फार काही नाही, नाव-पासवर्ड बदलला की संपलं. म्हणून स्वतःचा एक बरा राऊटर घेतला, हबच्या लॅन पोर्टमधून केबल काढून राऊटरच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट आत घेणाऱ्या) लावली, नेट लगेच चालू झालं, पण आता भलतंच सुरू झालंय. प्रिंटर अजून हबच्या वायफायवर आहे आणि लॅपटॉप नव्या राऊटरवर, तर लॅपटॉपला प्रिंटर सापडत नाही. पोराचा गेमिंग कन्सोल नॅट टाइप स्ट्रिक्ट दाखवतो (म्हणजे बाहेरून येणारी जोडणी अडतेय), मित्रांशी व्हॉइस चॅट लागत नाही म्हणून रोज कटकट. आणि राऊटरच्या खालच्या स्टिकरवर १९२.१६८.१.१ लिहिलंय, ते ब्राउझरमध्ये टाकलं की हबचंच पेज उघडतं!! कस्टमर केअरला विचारलं तर "सर आमचाच हब वापरा" एवढंच. हब काढून थेट राऊटर लावता येईल का? लँडलाइनची वायर पण हबमध्येच आहे. फायबर आहे.

लाल_दिवा
राऊटरच्या स्टेटस पेजवर वॅन आयपी काय दिसतो ते आधी सांगा. पेज कुठल्या पत्त्यावर आहे ते लॅपटॉपच्या नेटवर्क डिटेल्समध्ये डीफॉल्ट गेटवे म्हणून दिसेल, तो टाका, स्टिकर विसरा.

खटपट्या
गेटवे १९२.१६८.०.१ निघाला, पेज उघडलं. वॅन आयपी १९२.१६८.१.३४.

लाल_दिवा
मग डबल नॅट आहे, म्हणजे घरातल्या पत्त्यांचं बाहेरच्या पत्त्यात भाषांतर (नॅट) हब आणि राऊटर दोघंही करतायत, दुसरं काही नाही. हब आणि राऊटर दोघांचाही पत्ता मुळात १९२.१६८.१.१ होता, ते पाहून तुमच्या राऊटरने स्वतःच आपला पत्ता बदलून घेतला, बरेच राऊटर करतात असं. आता घरात दोन वेगवेगळी नेटवर्कं आहेत. लॅपटॉप प्रिंटर शोधायला जी हाक मारतो ती आपल्याच नेटवर्कात फिरते, राऊटर ओलांडून पलीकडे जात नाही. कन्सोलचंही तेच, तो राऊटरला यूपीएनपीने सांगतो की माझ्यासाठी पोर्ट उघड, राऊटर उघडतो पण त्याच्या पुढे हब उभा आहे, त्याला कोणी काही सांगितलेलंच नसतं. दोन दारं आणि दोन रखवालदार, एकाला निरोप मिळालाय, दुसऱ्याला नाही.

केबलकाका
हब काढता येईल का, हे हबच्या आत काय काय आहे त्यावर ठरतं. एकाच डब्यात राऊटर, वायफाय, फोनचा अडॅप्टर, आणि बऱ्याचदा फायबरचा ओएनटी (फायबरमधला प्रकाशाचा सिग्नल साध्या नेटमध्ये बदलणारा भाग) पण असतो. फायबरची पातळ पिवळी वायर थेट हबमध्ये घुसत असेल तर ओएनटी आतच आहे, आणि तो कंपनीच्या यंत्रणेत सिरियल नंबरने नोंदवलेला असतो, म्हणजे तुमचा साधा राऊटर तिथे लावायचा प्रश्नच येत नाही, त्याला ते पोर्टच नसतं. भिंतीवर वेगळा छोटा ओएनटी असेल आणि तिथून हबला साधी लॅन केबल येत असेल तरच हब पूर्ण बाजूला काढता येतो. तेव्हा मात्र कंपनीकडून तीन गोष्टी काढून घ्या: कनेक्शन पीपीपीओई (लॉगिन लागणारं) आहे का डीएचसीपी (आयपी आपोआप मिळणारं), पीपीपीओई असेल तर युजरनेम-पासवर्ड, आणि व्हीलॅन नंबर (ट्रॅफिक वेगळं ओळखायला लावलेला टॅग) लागतो का. व्हीलॅन चुकला तर केबलचा दिवा हिरवा, सगळं छान दिसतं, आणि आयपी काही केल्या मिळत नाही, लोक यातच सगळ्यात जास्त अडकतात. काही ठिकाणी जुन्या हबचा मॅक ॲड्रेस (उपकरणाचा ओळख क्रमांक) लक्षात ठेवलेला असतो, तिथे राऊटरमध्ये मॅक क्लोन करा नाहीतर ओएनटी थोडा वेळ बंद ठेवून मग चालू करा.
पीपीपीओई असेल तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ ठेवा, १५०० मधले ८ बाइट तोच खातो. नाहीतर काही साइट उघडतात, काही अर्ध्यात लटकतात.
आणि फोन हबमध्ये आहे म्हणताय तर हब काढला की फोन बंद पडणार हे धरून चाला. फोनचं लॉगिन हबमध्येच भरलेलं असतं आणि कंपन्या ते सहसा देत नाहीत.

निवांत_गडी
अहो एवढं कशाला करताय?? राऊटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका आणि विषय संपवा. राऊटिंग हब करेल, तुमचा डबा फक्त वायफाय पसरवेल, सगळे एकाच नेटवर्कात येतील, प्रिंटर दिसेल, कन्सोलला एकच नॅट. तो मोड नसेल तर डीएचसीपी बंद करा, राऊटरला १९२.१६८.१.२ सारखा पत्ता द्या (हबच्या डीएचसीपी रेंजच्या बाहेरचा) आणि केबल वॅनऐवजी लॅन पोर्टात लावा. झालं काम. फोनला हात लागत नाही, कंपनीही खुश.

पोर्टपंडित
@निवांत_गडी काम होतं हे खरं, पण मग राऊटरचे पैसे कशाला घातले? ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये पोरांच्या वेळेचं बंधन, व्हीपीएन, कुठल्या डिव्हाइसला किती स्पीड, हे जवळपास सगळं निरुपयोगी होतं कारण ट्रॅफिकचा मालक हब असतो. खटपट्या यांना सेटिंग हवंय असं दिसतंय.
पहिला पर्याय ब्रिज मोड, काही हबवर त्यालाच मोडेम मोड म्हणतात. हबचं राऊटिंग आणि वायफाय बंद होतं, खरा आयपी तुमच्या राऊटरला मिळतो. पेजवर नसेल तर कंपनीला "ब्रिज मोड करून द्या" असं थेट सांगा, काहीजण त्यांच्या बाजूने करून देतात. फोन चालू राहील का ते त्याच कॉलमध्ये विचारा, हबगणिक वेगळं असतं.
"आमचाच हब वापरा" हे उत्तर सगळीकडे चालत नाही बरं का. युरोपियन युनियनच्या २०१५ च्या नियमात आपल्या पसंतीचं उपकरण वापरायचा हक्क ग्राहकाला दिलाय, आणि जर्मनीत तर १ ऑगस्ट २०१६ पासून कंपनीला स्वतःचा राऊटर लादता येत नाही. बाकी ठिकाणी मात्र देशागणिक वेगळं.
ब्रिज मिळालाच नाही तर डीएमझेड. हबमध्ये तुमच्या राऊटरचा १९२.१६८.१.३४ हा पत्ता कायमचा राखून ठेवा, ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात, आणि तोच डीएमझेडमध्ये भरा. बाहेरून आलेलं सगळं हब न अडवता राऊटरकडे ढकलेल. कागदावर डबल नॅटच राहतं पण त्रास जवळपास संपतो, फोनही सुरक्षित. पत्ता राखून ठेवायला विसरू नका, नाहीतर कधीतरी लाइट जाऊन आल्यावर आयपी बदलेल आणि डीएमझेड रिकाम्या पत्त्याकडे बघत बसेल. आणि डीएमझेडमध्ये राऊटरच टाका, चुकूनही कॉम्प्युटर टाकू नका, त्याच्यापुढे मग कुठलीच भिंत उरत नाही.

लाल_दिवा
+१ डीएमझेड. त्याच्याबरोबर हबचं वायफाय पूर्ण बंद करा, नुसतं नाव लपवून भागत नाही. दोन डबे शेजारी ठेवून दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर एकाच चॅनेलवर ओरडत राहिले तर स्पीडचा चुराडा होतो. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६, ११.
हबचाही बाहेरचा आयपी बघून घ्या. १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर कंपनीनेच वर आणखी एक नॅट लावलंय, सीजीनॅट. मग ब्रिज करा, डीएमझेड करा, कन्सोल रडणारच. तिथे कंपनीकडून पब्लिक आयपी घेणं किंवा आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते, त्यांना नॅट लागत नाही) चालू करणं एवढंच हातात आहे.

खटपट्या
अपडेट. पिवळी वायर थेट हबमध्ये जाते, म्हणजे केबलकाका म्हणतात तसा ओएनटी आतच. ब्रिजला कंपनीने नाही म्हटलं, म्हणून डीएमझेड केलं, पत्ता राखून ठेवला, हबचं वायफाय बंद, प्रिंटर नव्या राऊटरवर आणला. हबचा बाहेरचा आयपी पब्लिक निघाला, नशीब. प्रिंटर दिसतोय, कन्सोल आता स्ट्रिक्टऐवजी मॉडरेट दाखवतो आणि चॅट लागतंय, फोन चालू. पण नवीन दुखणं: प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे आणि राऊटरवर स्पीड टेस्ट बरोब्बर ९४ ला अडकते, वायफायवर पण आणि केबलने पण. हबला लॅपटॉप थेट लावला की पूर्ण ३०० येतो.

केबलकाका
९४ म्हणजे लिंक १०० एमबीपीएसवर बसलीय, सेटिंगमध्ये शोधू नका. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. एखादी तार तुटली किंवा प्लगमध्ये नीट बसली नसेल तर दोन्ही डबे गुपचूप १०० वर उतरतात आणि कोणी काही बोलत नाही. हब ते राऊटर केबल बदलून बघा, कॅट ५ई पुरते. केबल बदलूनही तेच असेल तर राऊटरच्या डब्यावर वॅन पोर्ट गिगाबिट आहे का ते वाचा, स्वस्त राऊटरवर "एसी १२००" (वायफायच्या स्पीडचा आकडा) मोठ्या अक्षरात छापतात आणि पोर्ट मात्र १०० चं असतं.

खटपट्या
केबलच होती!! जुन्या ड्रॉवरमधली लावली होती, तिच्या प्लगमध्ये तपकिरी तार बाहेर डोकावत होती. बदलली, आता २९० च्या आसपास येतंय. केबलकाका, पंडितजी, लाल दिवा, सगळ्यांचे आभार.

पोर्टपंडित
छान. आता हबच्या सेटिंगचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. कंपनी लांबून फर्मवेअर अपडेट ढकलते किंवा तक्रार केली की "रीसेट करा" म्हणते, त्यात डीएमझेड उडू शकतं आणि हबचं वायफाय परत चालू होऊन बसतं. आणि पुढे कधी नेट गेलं तर कॉल करण्याआधी लॅपटॉप थेट हबला लावून बघा, नाहीतर ते पहिलं बोट तुमच्या राऊटरकडेच दाखवतील.

निवांत_गडी
ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये स्क्रीनशॉटही लागले नसते, असो 😄