दहावीचा मुलगा बोलेनासा झालाय, डॉक्टर गाठावा का?

वाशीकर: क्लासवरून आला की दार लावून घेतो. जेवण अर्धवट, रात्री २ पर्यंत मोबाईल. वयाचं म्हणून सोडून द्यायचं?

पामबीच: किती दिवस चाललंय ते आधी मोजा. झोप, भूक, मित्र, खेळ यांत २ आठवडे जवळपास रोज फरक दिसला तर दाखवाच. या वयात ८ ते १० तास झोप लागते. रात्री १० ला सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, तुमचाही. एकट्या त्याचाच काढून घेतलात तर भांडण ठरलेलं.

तलावपाळी: समोर बसवून 'काय झालंय?' विचारलं की 'काही नाही' एवढंच मिळतं. भाजी निवडताना, शेजारी चालताना बोला. नजर भिडत नाही, जीभ सुटते. बोलायला लागला की सल्ला गिळा. (हे सगळ्यात अवघड.)

पामबीच: मरणाची भाषा किंवा हातावर कापल्याच्या रेघा असतील तर २ आठवडे थांबायचं नाही. 'जीव द्यावासा वाटतो का?' सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. एकटं सोडू नका, औषधं कुलपात ठेवा. टेलिमानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात.