घरगुती सीएनसी: बारा चाकं चांगली, तेराव्यापासून बैल लंगडते

सक्करदऱ्याचा_सुतार

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण आधी थोडं रामायण ऐकून घ्या.

आमचं पिढीजात सुतारकाम, घराच्या पडवीतच दुकान. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, चाकांचे लाकडी बैल करतो. बैल बाबाच कोरतात, त्याला मी हात लावत नाही आणि ते लावूही देत नाहीत. पण एका बैलाला चार चाकं, दीडशे बैलांना सहाशे, आणि ती चाकं दरवर्षी माझ्या गळ्यात. म्हणून दिवाळीपासून पैसे साठवून स्वतःच सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं लाकूड कोरणारं मशीन, जोडलं.

फ्रेम नागपूरच्या लोहा ओळीतून आणलेल्या चौकोनी पाइपची. वेल्डिंग मित्रानं फुकटात केलं, म्हणजे सावजीचं जेवण घालून. बाकी पावलापावलानं फिरणाऱ्या नेमा १७ मोटर तीन, त्यांना करंट देणारे डीआरव्ही ८८२५ ड्रायव्हर, हुकूम सोडणाऱ्या आर्डुइनो उनो बोर्डावर सीएनसी शील्ड (वायरी जोडायचा वरचा बोर्ड), मोटर फिरली की गाडी सरकवणारे टी८ चे आटेवाले लीड स्क्रू, २४ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठा) आणि कटर फिरवायला लाकूडकामाचा ट्रिमर. एक्स म्हणजे आडवं, वाय म्हणजे पुढं-मागं, झेड म्हणजे वर-खाली; खालचा बेड वायमध्ये सरकते. सगळं मिळून एकवीस हजारांच्या आत बसवलं.

चुका भरपूर झाल्या. टी८ स्क्रूचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) २ मिमी धरून दर मिमीला स्टेप्स, म्हणजे मोटरची पावलं, १६०० टाकल्या, तर १० मिमी सांगितलं की गाडी ४० मिमी पळे. तो चार सुरुवातींचा स्क्रू, एका फेऱ्यात ८ मिमी जातो, म्हणजे ४०० पाहिजेत, हे मागून कळलं. झेडचा लिमिट स्विच (टोकाला आलं की मशीन थांबवणारा) शील्डवर लिहिलेल्या जागी लावला, दोन दिवस चालेच ना. जीआरबीएल १.१ मध्ये, म्हणजे आर्डुइनोत टाकलेल्या फर्मवेअरमध्ये, तो डी१२ पिनेवर असते, शील्डवरचं नाव जुन्या हिशेबाचं.

आता खरं दुखणं. एका फळीत वीस चाकं लावतो. आधी सगळ्या चाकांची मधली भोकं, मग सगळ्यांचे गोल. पहिली बारा चाकं एकदम फसक्लास. तेराव्यापासून भोक मध्यात नाही. बैल ओढला की लंगडून राहिला! बाबा काही बोलले नाहीत, फक्त पटाशीला धार लावत बसले. ते जास्त लागलं.

फर्मवेअर दोनदा टाकलं, यूएसबी केबल बदलली. काहून होऊन राहिलं असेल?

पुणेकर_मेकर

एवढा खटाटोप करण्यापेक्षा तयार ३०१८ किट घ्यायचं होतं. याच किमतीत आलं असतं आणि ट्यूनिंगची डोकेदुखी वाचली असती.

सक्करदऱ्याचा_सुतार

दादा, ३०१८ चा बेड ३०० बाय १८० चा. माझी फळी ६०० ची आहे.

खरादवाला_काका

बाबू, हिंगण्याच्या एमआयडीसीत तीस वर्षं टूलरूममध्ये काढली. सॉफ्टवेअरचं मला विचारू नको, पण चाक काय सांगून राहिलं ते मी सांगू शकतो.

आधी व्हर्नियर घे आणि तीन गोष्टी माप. एक, तेरावं चाक स्वतः गोल आहे का? एक्समध्ये आणि वायमध्ये व्यास सारखा भरते का? भरत असेल तर लीड स्क्रूवरच्या नटात फार ढिलाई नाही. नट ढिला असला की गोलाच्या चारही टोकांशी, जिथं एकेक अक्ष उलटा वळते, तिथं चपटेपणा येतो. दोन, भोक कोणत्या दिशेनं सरकलं? तीन, आणि हे महत्त्वाचं, तेरा, चौदा, पंधरा या सगळ्यांत सारखंच सरकलं की वाढत चाललं? हळूहळू वाढत असेल तर दुखणं वेगळं. एकदम उडी मारून पुढे तेवढंच राहत असेल, तर काहीतरी एका झटक्यात घसरलं. तुझ्या मोटरला आपण कुठे आहोत ते कळत नाही. आर्डुइनो सांगते इतकी पावलं टाक, आणि ती पडली असंच धरून पुढे जाते.

मग दहा रुपयांचा मार्कर घे. वायच्या कपलिंगवर (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा) आडवी रेघ ओढ, मोटरच्या शाफ्टपासून कपलिंगवरून थेट स्क्रूपर्यंत, एकच सलग. फळी चालव. रेघ तुटली तर चोर सापडला. तुटली नाही तर मोटरच पाऊल चुकवून राहिली, मग करंट, ॲक्सिलरेशन आणि बेडचं वजन बघायचं. तुझ्या मशीनवर अख्खी फळी बेडसंगं वायमध्येच हलते, म्हणून मार पहिल्यांदा वायलाच बसणार. कपलिंग पाहायच्या आधी फर्मवेअर उघडणारे पोट्टे मी लई पाहिले.

आणि एक आगाऊपणा करतो. सगळी भोकं आधी, सगळे गोल नंतर, हा क्रमच काहून ठेवला? ट्रिमरला कटर तर बदलायचं नाही, दोन्ही कामं एकाच एक सुती, म्हणजे पाव इंचाच्या अर्ध्या, कटरनं. एका चाकाचं भोक आणि त्याचाच गोल लागोपाठ घे. मशीन सरकलं तरी एखादंच चाक जाईल, आठ नाही. लेथवर एकाच पकडीत भोक आणि बाहेरचा व्यास काढतो ना, तसंच हे.

सक्करदऱ्याचा_सुतार

काका, पाय लागू. मापलं. चाकं गोलच आहेत, फरक ०.१ च्या आत. सरकलं फक्त वायमध्ये. तेरा ते सोळा ०.८ मिमी, सतरापासून १.६. म्हणजे दोन उड्या.

रेघ ओढून परत चालवलं. मोटरच्या बाजूनं सलग, स्क्रूच्या बाजूनं तुटलेली, अडीच मिमीचा फरक. मी त्या रेघेकडे दहा मिनिटं पाहत बसलो. हिशेब केला: ८ मिमीच्या स्क्रूवर परिघाचा दहावा भाग अडीच मिमी होतो, आणि फेऱ्याचा दहावा भाग म्हणजे बरोबर ०.८.

खरादवाला_काका

मोटरच्या शाफ्टला एक बाजू सपाट असते, कपलिंग आवळणारा बारीक ग्रब स्क्रू तिथं बसते. तुझा लीड स्क्रू गोल, त्यात आटे, ग्रब स्क्रूचं टोक फक्त आट्यांच्या डोक्यावर टेकून राहिलं. काढून बघ, तिथं चकाकते चट्टे दिसतील. कानशीनं त्या टोकाला एक सपाट जागा कर, अर्धा मिमी खोल पुरे. घासताना स्क्रूवर कापड गुंडाळ, किस नटात गेला तर दुसरं दुखणं. मग तेल पुसून, थोडा निळा लॉकटाइट (आटे ढिले न होऊ देणारा गोंद) लावून आवळ. आणि टी८ ला पुढे कधी बदलशील तर टोक खरादून घेतलेला स्क्रू घे.

फ्यूज_उडाला

काकांचं बरोबर, पण दुपारी चालवता ना? मेच्या दुपारी पत्र्याखाली ४५ डिग्री असते, तुमचे ड्रायव्हर बंद डब्यात असतील तर ते पण तपासा. डीआरव्ही ८८२५ जास्त तापला की स्वतःच बंद पडते, थंड झाला की परत सुरू, आणि मधली पावलं गेली. ड्रायव्हरवरचा व्हीरेफ, म्हणजे करंट ठरवणारं व्होल्टेज, किती ठेवला? याच्यात करंट व्हीरेफच्या दुप्पट असते. हीटसिंक (उष्णता ओढणारा धातूचा तुकडा) लावा, अडकवताना पिनांना टेकू देऊ नका, आणि पंखा. हो, चालू असताना मोटरची वायर कधी काढू नका. मी एकदा काढली. ड्रायव्हर गेला, आणि माझं नाव या धाग्यावर काय आहे ते बघाच.

सक्करदऱ्याचा_सुतार

व्हीरेफ ०.९ निघाला, म्हणजे १.८ अँपिअर, आणि मोटरवर १.७ छापलंय. डब्याचं झाकण काढून ०.६ वर आणला, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला. स्क्रूला सपाट जागा केली. चट्टे होतेच काका, अगदी दोन, चंद्रकोरीसारखे.

काल दुपारी दीड वाजता मुद्दाम उन्हात चालवलं. क्रमही बदलला, चाकामागून चाक. वीसच्या वीस भोकं मध्यात, रेघ सलग. चाकं मी बाबांपुढे ठेवली. त्यांनी एक उचललं, बोटावर फिरवलं, डोळ्याजवळ धरलं आणि म्हणाले, "कडेला पॉलिश पेपर मार, ओरखडे राहिले." मग पटाशी ठेवून दुसरं उचललं.

पोळ्याला अजून वेळ आहे. राहिलेली पाचशे ऐंशी चाकं सुरू करतो.