मानसिक आरोग्याच्या कामाला देणगी द्यायचीय, पण नक्की कशासाठी द्यावी?

पाऊसवेडी:
नमस्कार, बरेच दिवस विचारायचं मनात होतं. माझा भाऊ पाच वर्षांपूर्वी पार खचला होता, खोलीबाहेर येणं बंद, कुणाशी बोलणं बंद. त्याला त्यातून बाहेर काढलं ते एका लहानशा संस्थेच्या कार्यकर्तीने. दर मंगळवारी यायची, खोलीच्या दाराशी खुर्ची ओढून बसायची आणि तो बोलो न बोलो पाऊण तास तिथेच थांबायची. तिसऱ्या का चौथ्या महिन्यात त्याने आतून विचारलं, "आज उशीर झाला का?" मी तेव्हा स्वयंपाकघरात होते, हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिले. आता तो नोकरी करतो आणि आम्ही दोघांनी ठरवलंय की कमाईतला ठराविक वाटा या कामाला द्यायचा. मागच्या वर्षी एका मोठ्या संस्थेला एकरकमी दिले, तर जनजागृतीच्या कार्यक्रमाचे फोटो आले आणि पुढे काहीच कळलं नाही. औषधांसाठी द्यावे, शिबिरांसाठी की आणखी कशासाठी? घरचे म्हणतात पगारात गेलेले पैसे वाया जातात.

नोंदवही:
पाऊसवेडी ताई, तुमच्या भावाच्या दाराशी बसलेली ती बाई पगारावरच होती ना? मग वाया कसे गेले? मी अशा एका संस्थेचे हिशोब बरीच वर्षं सांभाळले, म्हणून पोटतिडकीने लिहितोय. या कामात मशीन नाही, ऑपरेशन थिएटर नाही, जे काही आहे ते माणूसच आहे. आमच्याकडे घरभेटींचं एक रजिस्टर होतं, त्यात शेवटचा रकाना 'पुढची भेट'. एका प्रोजेक्टचा निधी वर्षभराने संपला, दोघी कार्यकर्त्या सोडून गेल्या आणि त्यानंतर पानंच्या पानं तो रकाना कोरा. ज्यांनी सहा महिने लावून कुणावर तरी विश्वास टाकला होता त्यांना परत पहिल्यापासून सुरुवात, आणि त्यातले बरेच जण परत आलेच नाहीत. त्यामुळे माझं स्पष्ट मत, रक्कम लहान असली तरी चालेल पण दर महिन्याला द्या आणि 'अमुक कामासाठीच वापरा' अशी अट घालू नका. शिबिराला देणगीदार पटकन मिळतो, बॅनर लागतो, फोटो निघतात. भाडं, फोनबिल, प्रवासखर्च आणि कार्यकर्त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या सीनियरचं मानधन, यांच्यासाठी कुणी पुढे येत नाही.

साधामाणूस:
नोंदवही सरांशी सहमत. प्रवासखर्चावरून आठवलं, झिम्बाब्वेतले मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा सांगतात की त्यांची एक तरुण पेशंट आत्महत्या करून गेली, हॉस्पिटलला यायचं ठरलं होतं पण बसभाड्याचे पैसे नव्हते. त्यानंतर 2006 साली त्यांनी हरारेच्या एका वस्तीत 14 आज्यांना शिकवून तयार केलं, दवाखान्याच्या आवारात बाक टाकला आणि लोकांनी तिथे येऊन आजीशी बोलायचं. हाच तो फ्रेंडशिप बेंच. तिथल्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अति विचार करणं, आज्या तोच शब्द वापरतात, डिप्रेशन वगैरे नाही. नुसत्या गप्पा नसतात हं, एकेक अडचण धरून त्यावर आधी काय करता येईल हे त्या माणसाकडूनच काढून घेतात. 2016 मध्ये 573 लोकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले, सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा खूपच कमी होती. आणि सरकार बघेल म्हणावं तर जगभरात सरकारं आरोग्याच्या बजेटमधले साधारण 2 टक्केच मानसिक आरोग्यावर खर्च करतात, मध्यम उत्पन्नाच्या देशांत त्यातलेही 70 टक्क्यांहून जास्त मनोरुग्णालयांकडे जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वस्तीतल्या कामाला उरतं काय मग.

उंबरठा:
सगळं पटलं पण एक राहतंय. माझ्या आईला स्किझोफ्रेनिया आहे, तिथे नुसतं बोलून भागत नाही, गोळ्या बंद पडल्या की काही आठवड्यांत सगळं परत सुरू होतं आणि ते घरातल्यांनाच माहीत असतं. म्हणून औषधांचा खर्च कमी लेखू नका. मात्र गोळ्या संपायच्या आधी फोन करणारं कुणीतरी लागतंच, म्हणजे परत माणसावरच आलो. ताई, देण्याआधी संस्थेला सरळ विचारा की मधेच यायचं थांबले त्यांचं तुम्ही काय करता, आणि रात्री कुणी जीव द्यायच्या गोष्टी करायला लागलं तर कोण धावतं. जे काम करतात ते लगेच सांगतात, अडचणीसकट सांगतात. आणि पेशंटचे चेहरे दाखवून पैसे मागणाऱ्यांना मी एक रुपया देत नाही. माझ्या आईचा असा फोटो कुणी लावला असता तर?

पाऊसवेडी:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल भावाने आणि मी त्याच लहान संस्थेत फोन केला. ती ताई आता तिथे नाही, नोंदवही सर म्हणतात तसंच, निधी संपला म्हणून गेली. ऐकून भाऊ बराच वेळ गप्प होता. दुसरी एक मुलगी तिच्या जागी आलीय, मंगळवार-शुक्रवार घरभेटी करते. उंबरठाने सांगितलेले दोन्ही प्रश्न विचारले, रात्रीसाठी त्यांच्याकडे एकच फोन आहे आणि तो आळीपाळीने घरी नेतात, पुरत नाही असंही त्यांनी स्वतःहून सांगितलं. या महिन्यापासून दोघांच्या खात्यातून ऑटो-डेबिट लावलंय, अट काही घातली नाही. फोन ठेवता ठेवता भावाने तेवढं विचारून घेतलं, त्या मुलीचं बसभाडं कोण देतं.