भाड्याच्या दोन खोल्यांना कुठलं कुलूप लावू? तिसरी किल्ली परत आली नाही

अंगणवेल:
नमस्कार मंडळी. घरामागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने देतो. पाच वर्षांत चार भाडेकरू झाले. शेवटचं कुटुंब मागच्या आठवड्यात गेलं, माणसं फार चांगली. त्यांना तीन किल्ल्या दिल्या होत्या, दोन परत आल्या. तिसरी प्रवासात हरवली म्हणाले आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण आता तिथे एक मुलगी एकटी राहायला येतेय. ती आत झोपलेली असताना तिच्या दाराची एक किल्ली बाहेर कुणाकडे तरी असेल, या विचाराने मला झोप लागत नाही.

दार लाकडी, ३५ मिलिमीटर जाड. आतल्या बाजूला नाइट लॅच आहे, दार ओढलं की आपोआप लागतं. दाराशेजारी हातभर उंचीची काचेची पट्टी आहे. ती फोडून हात आत घातला तर लॅच उघडेल, म्हणून दोन्ही बाजूंनी किल्लीचं मॉर्टिस लॉक (दाराच्या जाडीत कोरून बसवतात ते) बसवावं असं माझ्या मनात आहे. घरात बाकीच्यांचं मत नंबरवाल्या डिजिटल लॉककडे झुकतंय. खरं सांगा, काय करू?

जुना रंधा:
ताई, सुतारकामात माझी हयात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या मनातला बेत सोडून द्या. दोन्हीकडून किल्लीचं कुलूप राहत्या घराच्या मुख्य दाराला लावू नये. रात्री आग लागली, धूर भरला, तर अंधारात किल्ली शोधायची कुठे? आतून नुसती मूठ फिरवली की दार उघडलं पाहिजे. काचेची काळजी रास्त आहे, पण तिचा इलाज काचेवरच करा. लॅमिनेटेड काच बसवा, ती तडकली तरी मधल्या थराला चिकटून राहते. नाहीतर आतून जाळी लावा.

आता किल्लीचं. भाडेकरू बदलला की किल्ली बदलायचीच, मग जुन्या सगळ्या परत आलेल्या असोत वा नसोत. डुप्लिकेट किती निघाल्या हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून मॉर्टिस घ्या ते युरो प्रोफाइल सिलिंडरचं, बाहेर किल्ली आणि आत मूठ असलेलं. सिलिंडर म्हणजे किल्ली घालायचा सुटा भाग. पेटी दारात कायम राहते, फक्त सिलिंडर बदलायचा. दार उघडून त्याच्या कडेचा लांब स्क्रू काढा, किल्ली घालून किंचित फिरवा म्हणजे मधला दाता सरळ होतो, आणि सिलिंडर ओढून घ्या. दहा मिनिटांचं काम, सुतारही लागत नाही. तुमच्या लॅचमध्ये हे जमणं अवघड, बहुतेक वेळा अख्खं कुलूपच बदलावं लागतं.

नवा सिलिंडर आणताना लांबी दोन आकड्यांत मोजा: त्या स्क्रूच्या मध्यापासून बाहेरच्या टोकापर्यंत आणि मध्यापासून आतल्या टोकापर्यंत. ३०/३०, ३०/४० असं लिहिलेलं असतं. बाहेरच्या प्लेटच्या पुढे तो तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आला, तर पकडीत धरून मोडता येतो. मोडण्याला दाद न देणारे सिलिंडरही मिळतात, बाहेरच्या दाराला तेच घ्या.

आणि चौकट बघा! कुलूप भारी आणि चौकटीतली प्लेट, जिच्यात कुलपाची जीभ शिरते ती, अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर, असं मी शेकडो घरांत पाहिलंय. लाथ बसली की कुलूप शाबूत राहतं, चौकट फाटते. प्लेटला तीन इंची स्क्रू मारा, चौकट ओलांडून मागे भक्कम जागेत रुतले पाहिजेत.

तळमजला:
मी अकरा वर्षं भाड्याने राहते, तेव्हा त्या मुलीच्या बाजूने सांगते. नवा सिलिंडर तिच्यासमोर बसवा आणि किल्ल्यांचं न फोडलेलं पाकीट तिच्या हातात द्या. एका घरी मालक विचारून ठेवलेल्या किल्लीने न सांगता आत आले होते, नळ बघायला. हेतू वाईट नव्हता, पण पुढे कित्येक दिवस मी दाराला खुर्ची लावून झोपले. तुम्हाला अडीनडीला एक किल्ली हवीच असेल, तर ती पाकिटात बंद करून त्यावर तिची सही घ्या.

अंगणवेल:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाकिटाचं नक्की करते. डिजिटलचं काय मग?

तळमजला:
नंबर बदलला की जुना भाडेकरू बाद, ही सोय मोठी आहे. पण बॅटरीकडे लक्ष ठेवावं लागतं. घ्यायचंच तर साधी किल्लीही चालणारं घ्या. काही लॉक कोण कधी आलं-गेलं याची नोंद मालकाच्या फोनवर पाठवतात. तसलं असेल तर मी घर घेणार नाही.

जुना रंधा:
दोन खोल्यांना सिलिंडर पुरे. घट्ट झाला तर त्यात खोबरेल किंवा मशीनचं तेल सोडू नका, धूळ धरतं. ग्राफाइटची पूड घाला.

अंगणवेल:
मॉर्टिस बसलं. आत मूठ, बाहेर किल्ली, ३०/३०. काच पुढच्या आठवड्यात. किल्ल्या पाच निघाल्या, चार तिला दिल्या, एक पाकिटात आहे आणि त्यावर तिची सही. आणि रंधा काका, चौकटीतली जुनी प्लेट काढायला गेले तर दोनच स्क्रू होते. एक बोटांनीच निघून आला. पाच वर्षं चार कुटुंबं त्या दाराआड झोपली.