रुंद कडेच्या हॅटसोबत घालायची कानपट्टी कशी बेतावी?

विनिपेगकर

नमस्कार. मी कॅनडातील विनिपेग शहरात राहतो आणि घर ते कचेरी हे अंतर हिवाळ्यातही पायीच कापतो. डोक्यावर रुंद कडेची लोकरी फेल्टची हॅट असते. ती मला सोडायची नाही, कारण भुरभुरणारे हिम चष्म्यावर पडू न देणे आणि हिवाळ्यातील तिरप्या उन्हापासून डोळे वाचवणे ही कामे कानटोपीकडून होत नाहीत. अडचण आहे ती कानांची. हॅट कानांच्या वरच संपते, आणि उणे २० अंश सेल्सिअस तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला की येथील हवामान खात्याच्या सूत्राप्रमाणे उघड्या त्वचेला ती थंडी उणे ३३ अंशांसारखी बाधते. त्या पातळीला उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, आणि माझे चालणेही साधारण तेवढ्याच वेळाचे आहे.

बाजारात मिळणारे प्रकार पाहून झाले. डोक्यावरून जाणाऱ्या कमानीचा इअरमफ हॅटखाली बसत नाही, आणि हॅटवरून चढवला तर कड दुमडते. मानेमागून जाणारी कमान कोटाच्या उभ्या कॉलरला अडते आणि मान वळवली की जागची सरकते. डोक्याभोवती घालायची विणलेली पट्टी उबदार असते खरी, पण तिच्यावर हॅट पुरती खाली उतरत नाही, वरच्यावर टेकून राहते आणि वाऱ्याच्या पहिल्याच झोताला उडू पाहते. म्हणून आता कानपट्टी स्वतःच शिवावी असे ठरवले आहे. शिलाई यंत्र घरात आहे आणि हातशिवणही बरी येते. हॅटला भोक पाडायचे नाही, कचेरीत शिरताना कानपट्टी काढता किंवा लपवता यायला हवी, चष्म्याच्या काड्या टोचू नयेत आणि मागून येणारी मोटार ऐकू यावी, एवढ्या माझ्या अपेक्षा आहेत. रचना कशी असावी आणि कापड कोणते घ्यावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सुईदोरा

विणलेल्या पट्टीवर हॅट का बसत नाही, हे आधी पाहू, कारण रचनेचे उत्तर त्यातच आहे. पट्टी ३ मिलिमीटर जाडीची असली तर डोक्याचा व्यास दोन्ही बाजू मिळून ६ मिलिमीटरने वाढतो आणि घेर जवळजवळ १९ मिलिमीटरने. हॅटची मापे एकेका सेंटिमीटरने वाढत जातात, म्हणजे ५८ मापाच्या डोक्याला एकाएकी ६० मापाची हॅट लागू लागते. पट्टी पातळ करून हा प्रश्न सुटत नाही, कारण पातळ पट्टी ऊब देत नाही. तेव्हा डोक्याभोवती काहीही गुंडाळायचे नाही, हॅटच्या आत जाणारा भाग शक्य तितका पातळ ठेवायचा आणि सगळी जाडी हॅटच्या कडेखाली, फक्त कानांवर आणायची, हे पहिले सूत्र धरावे.

आपल्या हॅटच्या आत कपाळाला टेकणारी चामड्याची पट्टी असेल. ती खालच्या कडेला शिवलेली असते आणि तिची वरची कड सुटी असते. बोटाने ती खाली उलटवली तर चामडे आणि फेल्ट यांच्यामध्ये चांगला खिसा सापडतो. कानपट्टी टांगायची ती याच खिशात. प्रत्येक कानासाठी एक स्वतंत्र पाकळी बेता. तिच्या डोक्याला घट्ट विणीच्या पातळ सुती फितीची किंवा रिबिनीची आठ सेंटिमीटर रुंद शेपटी जोडा. ही शेपटी चामड्याच्या वरच्या कडेवरून मागे खिशात सुमारे तीन सेंटिमीटर उतरवायची, म्हणजे पाकळी चामड्याच्या आतल्या अंगाने, कानशिलाला लागून, खाली कानावर येते. हॅट डोक्यावर चढवली की शेपटी चामडे आणि डोके यांच्यात दाबली जाते आणि सहसा निसटत नाही. भोक नाही, टाका नाही, टिचबटणही नाही. कचेरीत शिरताना दोन्ही पाकळ्या वर उलटवून हॅटच्या पोटात सारल्या की बाहेरून काही दिसत नाही.

पाकळीचे माप स्वतःच्या डोक्यावर, हॅट घालूनच घ्यावे. प्रौढ माणसाचा कान सहा-साडेसहा सेंटिमीटर उंच असतो, त्यामुळे हॅटच्या कडेपासून मोजलेली दहा-अकरा सेंटिमीटर उंची बहुतेकांना पुरते. रुंदी अकरा सेंटिमीटर धरा, पण ती कानाच्या दोन्ही बाजूंना सारखी वाटू नका. पुढची कड जबड्याच्या सांध्यापाशी थांबावी, मागची कानाच्या बरीच मागे आणि थोडी खाली उतरावी, कारण गार वारा शिरतो तो कानामागच्या खाचेतून आणि पाळीच्या खालून. खालच्या कडेला मध्यावर दोन सेंटिमीटरचा डार्ट, म्हणजे कापड चिमटून घातलेली निमुळती टीप, घेतला की सपाट कापडाला वाटीचा खोलगटपणा येतो. तो फार महत्त्वाचा आहे. सपाट पाकळी कानाला डोक्यावर दाबते आणि चष्म्याची काडी हाडात रुतवते, तर खोलगट पाकळी फक्त कडेला टेकते आणि कानाभोवती हवेची पोकळी राखते. आधी जुन्या चादरीच्या कापडावर कच्चे टाके घालून पाहा, चष्मा लावून आरशासमोर मान वळवा, आणि मगच चांगल्या कापडाला कात्री लावा.

थरांविषयी थोडक्यात सांगते. बाहेर जुन्या विंडचीटरचे घट्ट विणीचे नायलॉन, मध्ये फ्लीस किंवा लोकरी फेल्ट, आत मऊ फ्लॅनेल किंवा मेरिनो लोकरीचे विणलेले कापड. कड उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या कापडाच्या, पट्टीने बांधावी, म्हणजे वळणावर चुण्या पडत नाहीत.

विस्कॉन्सिनवासी

सुईदोरा यांची रचना सुबक आहे. तरीही कानपट्टी हॅटच्या आतच असावी का, याविषयी माझे मत वेगळे आहे आणि त्याला आमच्या राज्यातील एका टोपीचा आधार आहे. कौकौना गावचे जॉर्ज क्रोमर हे एकेकाळचे बेसबॉल खेळाडू पुढे रेल्वेत इंजिनचालक झाले. धावत्या इंजिनावर त्यांच्या टोप्या वाऱ्याने उडून जात. १९०३ मध्ये त्यांच्या पत्नी आयडा यांनी एका जुन्या बेसबॉलच्या टोपीला बाहेरच्या अंगाने कापडी पट्टी शिवून दिली. ती खाली ओढली की कान झाकत असे आणि टोपी डोक्यावर घट्ट बसवत असे. ‘स्टॉर्मी क्रोमर’ या नावाने ती टोपी आजही मिशिगनमधील आयर्नवुड येथे तयार होते. पट्टी बाहेर असल्यामुळे टोपीचे माप बदलत नाही आणि टोपी उडतही नाही, असे दोन प्रश्न एकाच पट्टीने सुटले. आपल्याकडील आतल्या शेपटीने कान झाकले जातील, पण वारा हॅट उचलू लागला तर पाकळ्या तिला धरून ठेवणार नाहीत.

इअरमफचा इतिहासही येथे उपयोगी पडेल. मेन राज्यातील फार्मिंग्टन गावच्या चेस्टर ग्रीनवुड यांना १३ मार्च १८७७ रोजी कानझाकणीतील सुधारणेचे पेटंट मिळाले. कान झाकण्याची साधने त्याआधीही होती. ग्रीनवुड यांच्या सुधारणेत मोल होते ते बिजागरीला, कारण तिच्यामुळे गाद्या कानाच्या कलाप्रमाणे वळून सपाट बसत आणि घडी करून खिशात ठेवता येत. पाकळी हॅटला ताठ जोडली तर ती कानाच्या कलाशी जुळत नाही, आणि सुईदोरा यांनी सुचवलेली मऊ कापडी शेपटी हे बिजागरीचेच काम करते. म्हणून शेपटीला कॅनव्हास किंवा चिकट अस्तर लावून ती कडक करण्याचा मोह टाळावा. रुंद कडेच्या हॅटला बाहेरून पट्टी लावणे कडेमुळे शक्य नाही, हे मला मान्य आहे. पण हॅट धरून ठेवण्याचा काहीतरी उपाय रचनेत असलाच पाहिजे.

शल्यक

वैद्यकीय बाजूने दोन-तीन गोष्टी मांडतो. बाह्य कर्ण म्हणजे कूर्चेवर ताणलेली पातळ त्वचा. तिच्याखाली चरबीचा थर नगण्य असतो, आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा असतो, आणि थंडीत शरीर आतल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या बोटांकडे व कान-नाकाकडे जाणारा रक्तपुरवठा आवळून घेते. त्यामुळे कानपट्टीने कान दाबला तर उरलासुरला रक्तपुरवठाही कमी होतो. घट्ट म्हणजे उबदार ही समजूत कानाच्या बाबतीत घातक आहे, आणि म्हणून वर सुचवलेल्या खोलगट पाकळीचे मी मनापासून समर्थन करतो. कानात धातूची बाळी किंवा कुडी असेल तर ती घराबाहेर पडण्याआधी काढावी, कारण धातू पाळीची उष्णता झपाट्याने ओढून घेतो.

कान दुखायचा थांबून बधिर झाला आणि पांढरट किंवा मेणचट दिसू लागला, तर बरे वाटते आहे असे समजू नये. आडोशाला जावे, कान चोळू नये, त्यावर बर्फ तर मुळीच घासू नये. ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात भिजवलेले कापड अलगद धरून कान पुन्हा उबदार करावा. बधिरपणा गेला नाही किंवा फोड आले, तर डॉक्टरांना दाखवावे.

ऐकू येण्याविषयीही सांगायला हवे. मागचा-पुढचा आवाज ओळखण्यात कानाच्या वळ्यांचा मोठा वाटा असतो. कापड कितीही पातळ असले तरी कान झाकल्यावर ही ओळख अंधुक होते. कर्णछिद्रासमोर मधला थर काढून टाकल्यास मोटार ऐकू येईल, पण ती कोणत्या बाजूने येते हे सांगता येईलच असे नाही. रस्ता ओलांडताना मागे वळून पाहणे कोणत्याही रचनेत अनिवार्य समजावे.

लोकरवेडी

मधल्या थरासाठी विकतचे फेल्ट घेण्याऐवजी आटवलेली लोकर वापरून पाहा, असे मी आग्रहाने सुचवीन. शुद्ध लोकरीने, जाड सुयांवर, सैल हाताने सगळ्या ओळी सुलट विणून एक मोठा तुकडा करावा आणि तो साबणाच्या गरम पाण्यात चांगला घुसळावा. लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, वीण दिसेनाशी होते आणि दाट, तरीही लवचिक कापड तयार होते. त्याच्या कडा कापल्या तरी उसवत नाहीत, म्हणून तिथे दुमड घ्यावी लागत नाही आणि जाडी वाचते. विकत घेताना वेष्टनावर ‘सुपरवॉश’ लिहिलेली लोकर टाळावी, कारण यंत्रात धुता यावी म्हणून तिच्यावर केलेल्या प्रक्रियेमुळे ती आटतच नाही. आटण्याचे प्रमाण प्रत्येक लोकरीचे निराळे असते आणि तुकडा बहुधा रुंदीपेक्षा उंचीत अधिक आखडतो, त्यामुळे आधी हातभर चौकोन विणून, धुऊन, दोन्ही मापे लिहून ठेवावीत.

आतल्या थराला फ्लॅनेल सुती असेल तर ते मी घेणार नाही. भरभर चालताना कानामागे घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवते आणि ओले कापड कानाला गार करते. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही. मेरिनो टोचतही नाही, कारण तिचा तंतू बारीक असतो.

विनिपेगकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चामड्याची पट्टी उलटवून पाहिली. खिसा आहे आणि फितीची शेपटी त्यात नीट बसते. आतला थर मेरिनोचाच ठेवीन. आता प्रश्न हॅट धरून ठेवण्याचा आहे. हनुवटीखाली नाडी बांधावी, तर मफलरच्या आत तिची गाठ सोडणे जाड हातमोज्यांनी जमत नाही. दुसरा कोणता उपाय आहे का?

सुईदोरा

आतल्या थराविषयी लोकरवेडी यांचे म्हणणे रास्त आहे. सुती फ्लॅनेल माझ्या उत्तरातून वगळावे. नाडी मात्र हनुवटीखाली न घेता मानेमागे घ्या. दोन्ही पाकळ्यांच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना दोन बोटे रुंद पट्टी जोडा, जी केसांच्या खालच्या रेषेवरून, कवटीच्या उंचवट्याखालून जाईल. पट्टीचा मधला भाग इलॅस्टिकचा आणि दोन्ही टोके कापडाची असावीत. इलॅस्टिक इतकेच ताणलेले हवे की पट्टी उंचवट्याखाली अडकून राहील, पण पाकळ्या कानांवर ओढल्या जाणार नाहीत. समोरून वारा आला की हॅट मागे उलटू पाहते, तेव्हा पाकळ्या पट्टीला ओढतात आणि पट्टी उंचवट्याला अडते. मात्र या ओढीने खिशातली शेपटी वर सरकू शकते, म्हणून शेपटीची लांबी तीनऐवजी चार सेंटिमीटर करा आणि तिच्या टोकाला दोरीचा बारीक गोठ, म्हणजे आत दोरी घालून शिवलेली फुगीर कड, शिवा. चामड्याची पट्टी दाबलेली असताना हा गोठ तिच्यामागून सहज वर येत नाही. गोठ जाड केला तर कानशिलावर वळ उठेल, तेव्हा तो दीड-दोन मिलिमीटरच्या वर नेऊ नका. हॅट काढायची असेल तेव्हा मागून पट्टी अंगठ्याने वर सारली की सगळे एकत्र निघते, आणि ते हातमोजे घालूनही जमते.

आतल्या मेरिनोच्या कापडाची ताणली जाणारी दिशा आडवी ठेवा. उभी ठेवली तर पट्टीच्या ओढीने पाकळी काही आठवड्यांत लांबते आणि पाळीखाली फट पडू लागते.