सात जणांसाठी पावसाळी तंबू: एकच मोठा घ्यावा की दोन मध्यम?

रामबागकर (इंदूर):
नमस्कार. ऑगस्टमधल्या जोडसुट्टीत महूच्या पुढे, जानापावच्या बाजूला नातेवाइकांच्या शेतावर दोन रात्री तंबूत राहण्याचा बेत आहे. आम्ही दोघे, दोन मुले, आई-बाबा आणि आत्या असे सात जण आहोत. आईच्या गुडघ्यांमुळे तिला वाकून आत शिरणे जमत नाही, म्हणून आत ताठ उभे राहता येईल असा तंबू हवा आहे. सामान गाडीतूनच न्यायचे असल्याने वजनाची अडचण नाही. ‘८ जणांचे’ म्हणून विकले जाणारे काही तंबू पाहिले. त्यांपैकी एकावर जलरोधकता ३००० मिमी लिहिली आहे, दुसऱ्यावर २००० मिमी. केवळ या आकड्यावरून निवड करणे योग्य ठरेल का? पाऊस असणार हे गृहीतच आहे, परंतु त्या उघड्या माळावर वारा कितपत सोसावा लागतो, हे माहीत असलेल्यांनी अवश्य लिहावे.

महूकर:
त्या आकड्याचा अर्थ एवढाच की कापडावर तितक्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आरपार झिरपत नाही. छताच्या कापडाला १५०० मिमीसुद्धा साधारणपणे पुरतात, त्यामुळे २००० आणि ३००० यांतील फरकावर फार विचार करू नये. तळाच्या कापडाची गोष्ट वेगळी आहे, कारण ओल्या जमिनीवर गुडघा किंवा कोपर टेकला की त्या एका जागी दाब पुष्कळ वाढतो. तेथे ३००० हा किमान आकडा समजावा आणि ५००० मिळाल्यास उत्तम. प्रत्यक्षात पाणी बहुधा कापडातून येतच नाही, ते शिवणीतून, चेनमधून आणि तळाच्या कडेवरून येते. म्हणून शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, तळाचे कापड कडेने वीतभर वर वळवलेले आहे का आणि बाहेरचे आच्छादन जमिनीपर्यंत उतरते की टोपीसारखे नुसते माथ्यावर बसते, हे तीन मुद्दे आधी पाहावेत.

मात्र जानापावच्या बाजूला खरी परीक्षा वाऱ्याची आहे. पावसाळ्यात तेथे पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून झोत येतात आणि माळावर त्यांना अडवणारे फारसे काही नसते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ३० किलोमीटरचा वारा ६० वर गेला की तंबूवरचा दाब चौपट होतो. खोलीसारख्या सरळ भिंतींचे उंच तंबू उभे राहण्यास सोयीचे असतात, परंतु अशा वाऱ्यापुढे तेच सर्वांत आधी वाकतात, आणि त्यांचे दांडे फायबरग्लासचे असतील तर ते सांध्यापाशी चिरतात. ॲल्युमिनियमचे दांडे आणि ते एकमेकांना दोन-तीन ठिकाणी छेदतील अशी रचना मी आकड्यापेक्षा कितीतरी महत्त्वाची मानतो. बोगद्याच्या आकाराचा तंबूही चांगला टिकतो, पण त्याची पाठ वाऱ्याकडे हवी; आडवा लावल्यास तो दबतो.

वाटसरू (देवास):
महूकरांशी बहुतांशी सहमत आहे, तरी मूळ प्रश्नाचे उत्तर राहिलेच. उत्पादक माणशी जेमतेम साठ सेंटीमीटर रुंदी धरून ‘८ जणांचा’ असे लिहितात. त्यात बॅगा, ओल्या चपला आणि रात्री कूस बदलणारी मुले यांचा हिशेब नसतो, त्यामुळे अशा तंबूत मोठी माणसे पाचच नीट झोपतील. सात जणांना पुरेल एवढा एकच तंबू घ्यायचा म्हटले तर दांड्यांमधले अंतर आणि वारा झेलणारे कापड दोन्ही वाढतात. माझ्या मते एक उभे राहण्याजोगा, सहा जणांचा तंबू आई-बाबा आणि आत्यांसाठी घ्यावा, दुसरा बुटका, चार जणांचा घुमटाकार तंबू तुम्हा चौघांसाठी घ्यावा, आणि दोहोंच्या मध्ये दोरांवर ताडपत्री ताणावी. रात्री एकाचा दांडा मोडलाच तर सर्वांना दुसऱ्यात बसून सकाळ करता येते.

महूकर:
दोन तंबूंची सूचना पटली. मुले लहान असतील आणि रात्री आजीकडे धावणारी असतील तर दारे समोरासमोर ठेवावीत, म्हणजे ताडपत्रीखालून कोरडे ये-जा करता येईल.

शेतकरी (सांवेर):
तंबूइतकेच जमिनीकडे लक्ष द्यावे. मालव्याची काळी माती ओली झाली की फुगते आणि मऊ पडते. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक तारेच्या मेखा तिच्यातून हाताने उपसून निघतात. लोहाराकडून कोनाच्या पट्टीच्या, हातभर लांब मेखा करून घ्याव्यात, त्या तणाव्याच्या विरुद्ध बाजूला माथा कलता ठेवून ठोकाव्यात आणि सगळे तणावे बांधावेत, कारण आभाळ स्वच्छ दिसते म्हणून निम्मे तणावे गुंडाळून ठेवण्याची पुष्कळांना सवय असते. शेतात मुरमाड उंचवटा असेल तर तोच निवडावा, कारण काळ्या रानात पाणी मुरत नाही, साचून राहते. तळाखाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी थोडी लहान हवी. बाहेर डोकावली तर पावसाचे पाणी गोळा करून तीच तंबूखाली आणते.

ओढ्याचा काठ कितीही सपाट दिसला तरी टाळावा. महूजवळच्या पाताळपाणी धबधब्यावर २०११ च्या जुलैमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात एक कुटुंब वाहून गेले होते. वीज पडण्याच्या बाबतीतही मध्य प्रदेशाची स्थिती चांगली नाही. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजावे, तंबू सोडून सर्वांनी पत्र्याच्या बंद गाडीत बसावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. एकट्या झाडाखाली तंबू लावण्याचा मोह तर मुळीच नको.

रामबागकर:
सर्वांचे आभार. दोन तंबूंचे ठरवले आहे आणि मुरमाड जागेबद्दल नातेवाइकांना आजच विचारतो. दोन शंका उरल्या. कापसाचा जाड तंबू आत कमी दमट राहतो असे ऐकले आहे, तो घ्यावा का? आणि आत्यांना पावसात गरमागरम भुट्ट्याचा कीस करायचाच आहे, तेव्हा शेगडी तंबूच्या ओसरीत ठेवली तर चालेल का?

वाटसरू (देवास):
कापसाच्या कापडातून हवा खेळते, त्यामुळे श्वासाची वाफ आतल्या बाजूला कमी साचते हे खरे. पण भिजल्यावर तो फार जड होतो, आणि ऑगस्टच्या हवेत दोन दिवसांत पूर्ण वाळला नाही तर बुरशी धरतो. वर्षातून एक-दोनदा वापरणाऱ्या कुटुंबाने पॉलिएस्टरचा दुहेरी तंबू घ्यावा आणि रात्री वरच्या जाळ्या उघड्या ठेवाव्यात; थंडी वाजते म्हणून त्या बंद केल्या की छताला थेंब लागतात आणि लोक समजतात की तंबू गळतो. घरी आल्यावर तोही पंख्याखाली पूर्ण वाळवूनच ठेवावा, कारण ओला गुंडाळला तर आतला पॉलियुरेथेनचा जलरोधक थर चिकट होऊन सुटू लागतो आणि आंबूस वास येतो.

ओसरीत शेगडी मुळीच नको. पॉलिएस्टर भराभर वितळते आणि जळत्या इंधनाचा कार्बन मोनॉक्साइड वायू वासावरून कळत नाही. दोन तंबूंमधल्या ताडपत्रीची वाऱ्याकडची बाजू खाली ओढावी, उरलेल्या तिन्ही मोकळ्या ठेवाव्यात आणि तंबूंच्या कापडापासून पुरेसे दूर, ताडपत्रीच्या उंच टोकाखाली शेगडी मांडावी. आत्यांना तेवढ्या आडोशात कीस निवांत परतता येईल. भुट्टे मात्र घरूनच किसून न्यावेत.