भाडेसाहाय्य योजनेचे पात्रता निकष : मसुद्यात कुठे फसू शकतो?

मसुदाकार (प्रश्न)
शहरापुरत्या भाडेसाहाय्य योजनेचे नियम लिहितो आहे. निधी एकरकमी आहे, पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही. सध्याच्या अटी अशा: मासिक उत्पन्न 20,000 पर्यंत, नोंदणीकृत भाडेकरार आणि शहरात किमान 1 वर्ष वास्तव्य. उत्पन्नाच्या 30 टक्क्यांपेक्षा जास्तीचं जे भाडं असेल ते योजना देणार. अर्ज आलेल्या क्रमाने मंजुरी. (आकडे फक्त हिशेबापुरते.) यात काय बिघडेल?

हिशेबनीस
मर्यादा ठरवण्याआधी भागाकार करा. निधीतून प्रशासनखर्च वजा करा आणि उरलेल्याला एका कुटुंबामागच्या एकूण मदतीने भागा. तेवढीच कुटुंबं तुम्हाला पेलतील. अमेरिकेच्या 2021 च्या आपत्कालीन भाडेसाहाय्यात प्रशासनासाठी पहिल्या टप्प्यात 10 टक्के आणि दुसऱ्यात 15 टक्क्यांपर्यंत मुभा होती. फारच कमी धरलंत तर कागद तपासायला माणसं नसतात आणि पैसा पडून राहतो.

पात्र कुटुंबं तुमच्या आवाक्याच्या आठपट निघाली, तर खरी निवड प्राधान्यक्रमच करतो. म्हणून पात्रता आणि प्राधान्य वेगवेगळ्या कलमांत लिहा. त्याच कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात मर्यादा परिसराच्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबं ज्याच्या खाली आणि निम्मी वर असतात ते) 80 टक्के होती, पण 50 टक्क्यांच्या आतल्यांना आणि 90 दिवस बेरोजगार असलेल्यांना आधी घ्यायचं होतं.

आता तुमचं सूत्र. भाडं 9,000 धरा. उत्पन्न 20,000 असेल तर 30 टक्के म्हणजे 6,000 कुटुंबाचे, 3,000 तुमचे. उत्पन्न 20,001 झालं की मदत शून्य. एका रुपयाच्या वाढीपायी 3,000 गेले! लोक मग ओव्हरटाइम नाकारतात, नाहीतर उत्पन्न लपवतात.

त्यापेक्षा कुटुंबाचा वाटा टप्प्यांत घ्या: पहिल्या 10,000 वर 30 टक्के, त्यापुढच्या रकमेवर 60. उत्पन्न 10,000 ला मदत 6,000, 15,000 ला 3,000, 20,000 ला आपोआप शून्य. मर्यादा वेगळी लिहायचीच गरज नाही. मोठ्या कुटुंबाचं ग्राह्य भाडं (योजना हिशेबात जास्तीत जास्त धरेल ते भाडं) 12,000 ठरवलंत तर मदत 25,000 ला संपते, म्हणजे कुटुंबाच्या आकाराचा प्रश्नही तिथेच सुटतो. 60 टक्के जडच आहेत, पण कडेलोटापेक्षा बरे.

मात्र हिशेब प्रत्यक्ष भाडं आणि ग्राह्य भाडं यांपैकी जे कमी असेल त्यावर करा. नाहीतर भाडं वाढवून मदत मालकाच्याच खिशात जाईल.

छाननीवाली
नोंदणीकृत कराराची अट काढा. ज्यांना घर जाण्याचा धोका सर्वांत जास्त, त्यांच्याकडेच तो नसतो: पोटभाडेकरू, तोंडी बोलीवर राहणारे, रोखीने भाडं देणारे, घर सोडून गेलेल्या नवऱ्याच्या नावावर करार असलेल्या बायका. नियमात दोनच गोष्टी सिद्ध करायला सांगा, अर्जदार तिथे राहतो आणि भाडं देणं लागतो. पुरावा यांपैकी कोणताही एक: करार, खात्यातून भाडं गेल्याची नोंद, मालकाची चिठ्ठी, मालकाने पाठवलेला थकबाकीचा मेसेज. पत्त्यासाठी वीजबिल किंवा शाळेचं पत्र चालेल.

काहीच नसेल तर स्वयंघोषणापत्र, पण मदत ग्राह्य भाड्यापर्यंतच आणि एका वेळी 3 महिन्यांची. अमेरिकेतही बिनपुराव्याच्या भाड्याला असाच लगाम होता.

कुटुंबाची व्याख्या सोडू नका. एका दारामागे दोन चुली असतील तर ती दोन कुटुंबं धरा आणि भाडं दोघांत वाटा. बेरीज घराच्या भाड्यापेक्षा जास्त होत नाही ना, हे पत्त्यावरून तपासा. ‘उत्पन्न’ म्हणजे कोणाचं, कोणत्या काळातलं, कपातीपूर्वीचं की हातात येणारं, हेही लिहा. हंगामी काम करणाऱ्याचा एकच महिना पाहिलात तर निकाल लॉटरीसारखा लागतो. मागचे 12 महिने किंवा मागचा 1 महिना, यांपैकी अर्जदाराला सोयीचं ते घ्या. महिना निवडला तर दर 3 महिन्यांनी पुन्हा तपासा.

मालकाची संमती ही पात्रतेची अट नको. पत्र पाठवून 7 दिवस थांबा, किंवा 5 दिवसांत तीनदा फोन-मेसेज करा. उत्तर नाही आलं तर पैसे थेट भाडेकरूला.

जुना लेखापरीक्षक
स्वयंघोषणापत्राला माझा विरोध नाही, पण त्यावरचे 5 टक्के अर्ज चिठ्ठ्या टाकून निवडा आणि खोलात तपासा. हे अर्जावरच छापा. मालक नातेवाईक असेल तर सरसकट बाद करू नका, मात्र तिथे घोषणापत्र पुरेसं नाही, मागच्या 3 महिन्यांचं भाडं खरोखर दिल्याचा पुरावा मागा.

‘आधी येईल त्याला’ हे तर मुळीच नको. पहिल्या दुपारी पोर्टल भरतं आणि ज्यांच्याकडे चांगला फोन व मोकळा वेळ आहे तेच आत येतात. 14 दिवस खिडकी उघडी ठेवा, प्राधान्याचे तीन गट करा, शेवटच्या गटात पैसे कमी पडले तर सोडत काढा. गुणपद्धत मोहात पाडते, पण 61 आणि 62 गुणांतला फरक अपिलात कोणालाच समजावता येत नाही.

मसुदाकार
करार आणि क्रम काढतो. 1 वर्ष वास्तव्याची अट मात्र बाहेरून लोंढा येईल या भीतीने आहे. ती ठेवावी का?

छाननीवाली
नको. नुकतंच घर बदललेला माणूसच बहुधा अडचणीत असतो. मदतीसाठी 1 वर्ष वास्तव्याची सक्ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्येच शापिरो विरुद्ध थॉम्पसन खटल्यात रद्द केली होती. ‘अर्जाच्या दिवशी भाड्याचं घर हद्दीत’ एवढं पुरे. फार वाटलं तर योजना जाहीर झाल्याच्या तारखेला घर भाड्याने घेतलेलं असावं, असं लिहा.

जुना लेखापरीक्षक
आणखी एक. ‘अपूर्ण’ आणि ‘अपात्र’ हे शेरे वेगळे ठेवा. अपूर्ण असेल तर कोणता कागद हवा ते लिहून 10 दिवस द्या. अपात्र असेल तर कलमाचा क्रमांक द्या, अपील दुसऱ्या माणसाकडे. आणि मसुदा मंजुरीला पाठवण्याआधी 20 बनावट अर्ज तयार करा, दोन कर्मचाऱ्यांना एकमेकांशी न बोलता निकाल लावायला सांगा. जिथे निकाल वेगळे येतील, ते कलम पुन्हा लिहा.